सहा वाजताचा चहा

लुईस कॅरल या गणिताच्या अध्यापकाने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या ॲलिसच्या अद्भुतकथेत टोपीवाल्याच्या चहासाठी कालपुरुष सदैव सहावर खिळलेला असतो; वैशाखात छत्रपती संभाजीनगरी अंगणात चहा मांडावयाचा, तर त्याच घटकेची प्रतीक्षा करावी लागते, कारण तोवर फरशी पाऊल टेकू देत नाही. भाचीने विद्यापीठाची पदवी संपादन केली आणि “मावशी, जेवणावळ नको, परीकथेतला चहा दे,” असा हुकूम सोडला. आमंत्रणे मी दरबारी फर्मानाच्या थाटात लिहिली: सदर इसमाने टोपी परिधान करून हजर राहावे, कसूर करू नये.

मेजावर हिमरू शाल अंथरताना मनात आले, की ज्या नगरीचा मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणून पाया घातला, जिच्या डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी पेठांत खेळविले आणि जिच्या विद्यापीठाच्या आवारात सोनेरी महाल उभा आहे, तिने अद्भुतासाठी विलायती सशाची मिनतवारी का करावी? म्हणून कंदील लावलेल्या कडुनिंबाखालच्या बोळकंडीला आम्ही देवगिरीची ‘अंधारी’ ठरविले; चहा हवा असेल त्याने तीतूनच यावे. (चिवडा मात्र अलीकडेच ठेवला होता, हा माझा मुत्सद्दीपणा.)

कथेत पेले विसळावयास सवड नसल्याने मंडळी एकेक आसन पुढे सरकतात. भाचीने तोही नियम पुकारला. तरुण मंडळी हसत सरकली, आजोबा मात्र टोपी सावरून जागीच ठाम बसले आणि म्हणाले, “उष्टा चहा मी राजालासुद्धा पाजणार नाही.”