पाहण्यासारखीं स्थळें

युरोपाहून परतलेल्या मनुष्याकडे येणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच : "तिकडे पाहण्यासारखें काय काय आहे?" गेल्या वर्षीं मी परत आलों तेव्हांपासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, कीं त्याचें उत्तर मला वर्गांतल्या व्याख्यानासारखें पाठ झालें आहे. रोमचें फोरम सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं पाहावें. एडिंबरोचा किल्ला अवश्य पाहावा. मुळशीच्या माणसानें तर पाहावाच, कारण आमचे सेनापति बापट तरुणपणीं त्या शहरांत शिकावयास राहिले होते. आणि दुसरें कांहीं जमलें नाहीं तरी पाँपेई चुकवूं नये.

इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं हें नगर गाडलें गेलें आणि १७४८ पासून तें खणून काढण्यास आरंभ झाला, हें पंचवीस वर्षें शिकवितांना माझा आवाज कधीं हलला नव्हता. प्रत्यक्ष तेथें मात्र एका भटारखान्याच्या अंगणांत माझे पाय थांबले. देवळें, नाट्यगृहें, श्रीमंतांचे रंगविलेले दिवाणखाने, सारें मागें पडलें. समोर दगडी जातीं उभीं होतीं. खालचा दगड शंकूसारखा, वरचा डमरूसारखा. डमरूच्या कमरेला दांडे बसविण्यासाठीं भोकें. गाढवें जुंपून तीं फिरवीत. दगड काळा, सच्छिद्र, लाव्ह्याचा. म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या दगडाचा दूरचा भाऊबंदच. आणि दोन्ही दगड एकमेकांवर उभे होते!

मला आमच्या अंगणांतली तळी आठवली. तुळशीजवळ जात्याची नुसती वरची तळी पडलेली आहे. येणारे पाहुणे तिला शोभेची वस्तु समजतात. आजी सात वर्षांची असतांना तिचें गांव मुळशीच्या धरणाच्या पाण्याखालीं जाणार असें ठरलें. बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखालीं १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण व्हावयाचें तें झालेंच. घर सोडतांना तिच्या आईनें वरची तळी गाडींत घातली. खालची जमिनींत पक्की बसविलेली, ती कांहीं केल्या उखडेना. तेवढें ऐकलेलें मला आठवतें. पुढचें आठवत नाहीं, कारण आजी त्या घराविषयीं बोलूं लागली, कीं मी पुस्तकांत डोकें खुपसून बसत असें; आणि त्या पुस्तकांत बहुधा पाँपेईच असे. आंगण कोणत्या अंगाला होतें, ओढा कोठून वाहत असे, शेजारीं कोण होतें, यांतलें एकही तिला मीं विचारलें नाहीं. मी कॉलेजांत असतांनाच ती गेली.

यंदा वैशाखांत तलावाचें पाणी ओसरलें, तेव्हां मुलाला घेऊन काठावर गेलों. भेगाळलेला गाळ, त्यावर गुरांचीं पावलें, आणि पलीकडे पाणी.

"बाबा, आपलें घर नेमकें कोठें होतें?"

पाँपेईंतली ती भटारखान्याची गल्ली मी डोळे मिटून दाखवीन. मीं हात उचलला, समोर पाण्याच्या मध्यावर धरला. मग संशय येऊन थोडा डावीकडे नेला. तोंवर त्यानें पहिल्या दिशेचें छायाचित्र काढूनही घेतलें होतें.