फ्रँकफर्टचे जुने सिग्नल आणि दोन महापौरांचे रस्ते



यंदा लेकीकडे फ्रँकफर्टला तीन महिने राहणं झालं. आम्हा दोघांपैकी एकीची सारी नोकरी वॉर्डात गेली आणि एकाची बेस्टमध्ये. म्हणून शहर बघायची आमची तऱ्हाही ठरलेली. एकाची नजर दवाखान्याच्या पाटीवर, दुसऱ्याची चौकातल्या खांबावर. जुन्या रस्त्यांच्या छायाचित्रांची पुस्तकं आणि पोस्टकार्डं इथे खूप मिळतात. ती पाहताना आम्हाला सिग्नलांचा नाद लागला.

नाद म्हटलं तरी त्याचा उपयोग आहे. जुन्या फोटोच्या पाठीवर सहसा साल नसतं. माणसांच्या कपड्यांवरून अंदाज चुकतो, कारण जपून ठेवलेला कोट वीस वर्षंही चालतो. रस्त्यातल्या वस्तू मात्र बदलल्या की परत येत नाहीत.

आधी थोडं मुळापासून. रस्त्यावरचा पहिला सिग्नल 1868 साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ उभा राहिला. रेल्वेसारखे हात आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. थोड्याच दिवसांत, 1869च्या सुरुवातीला, गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला आणि ते प्रकरण तिथेच थांबलं. विजेचे सिग्नल आले ते अमेरिकेत, 1914 साली क्लीव्हलँड शहरात. जर्मनीत बर्लिनच्या पोट्सडामर चौकात 1924 साली पाच बाजूंचा मनोरा बांधला. त्यावर दिवे, घड्याळ आणि आत बसलेला पोलीस. त्याची हुबेहूब नक्कल आज तिथे उभी आहे.

त्यानंतरचा प्रकार आम्हाला सगळ्यात आवडला. 1930च्या दशकात जर्मन शहरांत हॉयर नावाच्या माणसाचे सिग्नल आले. चौकाच्या मध्यावर तारांना टांगलेली चौकोनी पेटी, चारही बाजूंना घड्याळासारखी तबकडी, त्यात लाल आणि हिरवे भाग आणि त्यांवरून फिरणारा काटा. काटा हिरव्यात असला तर चला, लाल भागात आला की थांबा. अजून किती वेळ उरला तेही दिसे. आपल्याकडे हल्ली सिग्नलवर आकडे उलटे पळतात, त्यांचाच हा आजोबा. 1970 नंतर तो हळूहळू गेला. फोटोत असा काटा दिसला की काळाच्या दोन्ही कडा हाती लागतात.

फ्रँकफर्टच्या फोटोंत आणखी दोन खुणा कामाला येतात. ऑपेराची इमारत बिनछपराची, जळकी दिसली तर फोटो 1944च्या बॉम्बहल्ल्यानंतरचा. ती पुन्हा उघडली 1981 साली. आणि हाउप्टवाखे चौकात जमिनीखालच्या गाडीचे जिने दिसले तर तो 1968 नंतरचा, कारण त्या साली इथे भुयारी रेल्वे सुरू झाली.

सिग्नलला जर्मनमध्ये ‘आम्पेल’ म्हणतात. लेकीने शब्दकोश काढून दाखवलं. मूळ अर्थ टांगलेला दिवा. शब्द लॅटिन ‘अँपुला’वरून आला, म्हणजे लहान कुपी. इंजेक्शनची अँप्यूल फोडण्यात ज्या हातांची हयात गेली, त्यांना हे नातं ऐकून मौज वाटली. आणि टांगलेला दिवा म्हटल्यावर आपल्या मशिदीत हेखलसमोर तेवणारा दिवा डोळ्यांसमोर येणारच.

पण हे फोटो बघताना मौज फार वेळ टिकत नाही. 1930च्या दशकातल्या रस्त्याचा फोटो आला की आम्ही साल विचारतो, आणि मग दुसरा प्रश्न आपोआप येतो. या रस्त्यावर आपली माणसं कशी चालत होती?

1938च्या डिसेंबरात जर्मनीतल्या सगळ्या ज्यूंचे मोटार चालवायचे परवाने रद्द झाले. सप्टेंबर 1941पासून कपड्यांवर पिवळा तारा. 1942 साली ट्राम-बसही बंद. सिग्नल सर्वांना सारखाच लाल आणि सारखाच हिरवा दिसत होता, पण रस्ता सर्वांचा राहिला नव्हता. 19 ऑक्टोबर 1941 रोजी फ्रँकफर्टमधल्या हजाराहून जास्त ज्यूंना घरांतून काढून भर दिवसा, गावातून पायी, ग्रॉसमार्क्टहाले या घाऊक भाजीबाजाराकडे नेलं. तिथल्या तळघरातून त्यांना गाडीत भरून पोलंडमधल्या लॉज शहरात पाठवलं. चौक तेच होते. रहदारी चालू होती. येणारे-जाणारे बघत होते.

इथे 1893 साली ज्यू परिचारिकांची संघटना निघाली होती, जर्मनीतली पहिली. गागर्न रस्त्यावरचं त्यांचं रुग्णालय 1942 साली बंद पडलं. रुग्णांबरोबर परिचारिकाही गेल्या. ड्युटी काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याहून जास्त सांगायला नको.

आता दोन महापौरांची गोष्ट. 1924 ते 1933 फ्रँकफर्टचे महापौर होते लुडविग लांडमान. जन्माने ज्यू, पुढे समाजातून बाहेरही पडलेले. उत्तरेकडच्या बंदरांपासून फ्रँकफर्टवरून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत फक्त मोटारींसाठी रस्ता बांधायची योजना 1926पासून आखली जात होती, त्यात ते पुढे होते. मार्च 1933मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्याच सप्टेंबरात, फ्रँकफर्टजवळ, हिटलरने फावडं हाती घेऊन त्याच रस्त्याचं काम सुरू केलं. फोटो त्याचा निघाला आणि जगभर छापला गेला. ज्यांनी आधी आखणी केली ते त्या फोटोत नाहीत. लांडमान 1945च्या मार्चमध्ये, युद्ध संपायला दोन महिने असताना, हॉलंडमध्ये लपलेल्या अवस्थेत वारले.

त्याच दशकात, 1937 साली, मुंबईचे महापौर झाले डॉ. एलिजा मोझेस, आपले बेने इस्राएल. त्यांना कुणी जात-धर्म विचारून खाली ओढलं नाही. महालक्ष्मीकडून वरळीला जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांचाच. बेस्टची बस त्या रस्त्याने रोज गेली आणि सिग्नलला रोज थांबली. आपण कोकणच्या किनाऱ्यावर तेल गाळत आलो, शनिवार तेली म्हणवून घेतलं, शेजारच्यांनी आपला शब्बाथ तेवढा लक्षात ठेवला. हे किती मोठं होतं, ते फ्रँकफर्टच्या फोटोंशेजारी मुंबईचा फोटो ठेवल्यावर कळतं.

लांडमान यांच्या नावाचाही रस्ता फ्रँकफर्टमध्ये आहे. मधोमध रेल्वेचे रूळ, दोन्ही बाजूंनी मोटारी आणि ठिकठिकाणी सिग्नल. आम्ही तिथे उतरून एक फोटो काढला. मागे साल, जागा आणि रस्त्याचं नाव लिहिलं.

तुमच्याही कपाटात फोटो असतील. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवरून निघालेली वरात असेल, अलिबागच्या एसटीपाशी उभी आजी असेल. फोटोतल्या माणसांच्या मागे काय आहे ते बघा. खांब, दिवा, पाटी, बसचा नंबर. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने पाठीवर लिहून ठेवा. पेनाची शाई फुटते, पेन्सिल टिकते. विचारायला माणसं आहेत तोवर हे काम होईल.