एका चार्जाक कितलें वता?

गेली दोन वर्षं मला भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो. बाजारात विचारतो, देवळात विचारतो. एकदा एकाच्या घरी दुखवट्याला गेलो होतो, तर तिथेही बाहेर पडताना यजमानांनी अंगणातल्या गाडीकडे बघून हळूच विचारलं, "एका चार्जाक कितलें वता?" मी सांगतो, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. मग विचारणारा मनातल्या मनात हिशेब करतो आणि त्याच्या चेहऱ्यावर कणव दिसू लागते. हा बिचारा आता पुण्याला कसा जाणार?

गंमत म्हणजे कणव करणारा स्वतः वर्षातून एकदाही गाडी घेऊन पुण्याला जात नाही! अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. उत्तरेच्या पत्रादेवीहून दक्षिणेच्या पोळेपर्यंत गेलात तरी दीडशे किलोमीटर होत नाहीत. माझं डिचोली-पणजी येऊन-जाऊन साठेक. एक दिवसाआड रात्री वायर लावायची, सकाळी काढायची. फोनसारखंच. २००१ साली बंगळुरूची छोटी रेवा बाजारात आली तेव्हा लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणून हसले होते. आता आमच्या वाड्यावरच तीन विजेच्या गाड्या आहेत आणि कोणी हसत नाही. फक्त कितलें वता ते विचारतात.

मला विचाराल तर गाडी घेण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तुमच्या घराचं अर्थिंग कसं आहे?

आमचं घर चिऱ्यांचं, कौलारू, आजोबांनी बांधलेलं. वायरिंग नंतर टप्प्याटप्प्याने झालेलं, म्हणजे ज्याला जिथे पंखा हवा झाला तिथपर्यंत वायर गेली. गाडी आली, पडवीत पंधरा अँपियरचा पॉइंट काढला, मोठ्या उत्साहाने चार्जर लावला तर तांबडा दिवा. पुन्हा लावला, पुन्हा तांबडा. त्या घरात पन्नास वर्षं फ्रीज चालला, मिक्सर चालला, पंप चालला, कोणी तक्रार केली नव्हती. ही गाडी मात्र आधी जमीन तपासते. विजेला पळून जायला धड वाट नसेल तर ती एक थेंबही घेत नाही.

गावच्या वायरमनला बोलावलं. साठी उलटलेला माणूस. त्याने घराला एक फेरी घातली, जुन्या अर्थिंगची गंजलेली तार बोटाने उचलली आणि ती तशीच त्याच्या हातात आली. "ही केन्नाच मेल्या," तो म्हणाला. मग विहिरीच्या बाजूला खड्डा. दगडी जमीन, दोन माणसांना पहारीने खणायला एक आख्खा दिवस लागला. आत तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला पाइप. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. एप्रिलमध्ये पुन्हा तांबडा! जमीन सुकली होती. कोरडी जमीन वीज नीट घेत नाही, म्हणून त्या खड्ड्याला ओल लागते. तेव्हापासून आई सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं अर्थिंगच्या पाइपात ओतते. पाहुण्यांना वाटतं हा काही तरी वास्तूचा तोडगा आहे. आम्ही खुलासा करत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न पावसाचा. आमच्याकडे चार महिने कोसळतो, शॉक बसणार नाही ना? नाही बसत. चार्जरची पिन गाडीत नीट बसून दोघांचं आपापसांत 'बोलणं' झाल्याशिवाय त्या तारेत वीज सोडलीच जात नाही, आणि बॅटरीची पेटी पाणी शिरू नये अशी बंद केलेली असते. मी भर आषाढात डोक्यावर छत्री धरून वायर लावतो. बघणाऱ्याला धडकी भरते खरी.

पण घरात जी खरी उलथापालथ झाली ती आवाजाने. म्हणजे आवाज गेल्याने.

आई आता ब्याऐंशीची आहे. काचबिंदूने दृष्टी बरीच गेली. दिवसाचा मोठा भाग ती सोप्यावर बसून असते आणि गाव कानाने बघते. हे तिचं आजचं नाही. वडिलांची फियाट पिंपळाच्या वळणावर आली की ती स्वयंपाकघरातून ओळखायची. गियर बदलताना त्या गाडीला एक खोकला यायचा, तो ऐकू आला की चहाचं आधण चुलीवर. खनिजाचे ट्रक तर ती मोजायची. आमच्या डिचोली तालुक्यात ज्यांचं लहानपण आणि तरुणपण गेलं त्यांना सांगायला नको... रस्त्यावर लाल धूळ, पानांवर लाल धूळ, आणि दिवसभर रिकामा ट्रक खडखडत जाणार, भरलेला कण्हत येणार. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आई म्हणाली होती, कान दुखायला लागले. शांततेने. त्या शांततेत किती घरांचे हप्ते अडकले होते ते तिलाही ठाऊक होतं.

आणि आता मी हा बिनआवाजी रथ घेऊन येतो. पहिल्या आठवड्यात दोनदा असं झालं की मी सोप्याची पायरी चढून तिच्यासमोर उभा राहिलो आणि ती दचकली. "चोरासारखा काय येतोस रे?" म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते लागलं. जिला डोळ्यांनी माणूस ओळखू येत नाही तिचा दुसरा आधारही मी काढून घेतला होता, पेट्रोल वाचवण्याच्या नादात.

युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला कमी वेगात कृत्रिम आवाज करणं सक्तीचं आहे, ते याचसाठी. अंध माणसांनी, म्हाताऱ्यांनी रस्ता ओलांडायचा कसा? आमच्या गावात तर माणसांपेक्षा कुत्री जास्त. रस्त्याच्या मधोमध झोपणारं गोव्याचं कुत्रं इंजिनाच्या आवाजाला नाइलाजाने उठतं, माझ्या गाडीला ते मुळीच जुमानत नाही. मी थांबतो. ते एक डोळा उघडतं, मिटतं.

मी एक तोड काढली, पिंपळाच्या वळणावर हॉर्नची एक हलकी टिचकी. पण सकाळ-संध्याकाळ पोदेर पाव घेऊन येतो तोही भोंगा वाजवत, आणि मासळीवालाही. एका संध्याकाळी मी टिचकी मारून अंगणात शिरलो तर आई पावाची पिशवी घेऊन पायरीवर उभी! आता दोन टिचक्या ठरल्या आहेत, मध्ये थोडी जागा सोडून. चहा पुन्हा वेळेवर होतो.

चोडणच्या फेरीवरही असाच प्रकार. मये-चोडणमार्गे रायबंदरला उतरायचं असलं की मी फेरी धरतो. गाडी फेरीवर चढवली की खलाशी ओरडणार, "इंजिन बंद कर रे!" मी म्हणतो, बंदच आहे. तो येऊन बॉनेटवर हात ठेवतो, कान लावतो. "मागीर ही चलता कशी?" दसऱ्याला भटजींचंही तेच. मी बॉनेट उघडून दिलं, त्यांनी हळदकुंकू हातात घेतलं आणि आत बघत राहिले. नुसत्या पेट्या आणि नारिंगी जाड केबल. शेवटी त्यांनी स्टिअरिंगला फूल वाहिलं. चाकाखाली लिंबं मात्र नेहमीसारखीच फुटली.

घाट हे विजेच्या गाडीचं खरं सुख. बेळगावला टिळकवाडीत माझी आतेबहीण असते, तिच्याकडे वर्षातून तीन-चारदा जाणं होतं. साखळी सोडायची, केरीला अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की चोर्ल्याचा चढ सुरू. सपाटीवर तेवढ्या अंतराला आठ-नऊ टक्के बॅटरी पुरते, इथे माथ्यापर्यंत वीसेक टक्के जाते. आकडे उतरताना पोटात कालवतं. पण परतताना कणकुंबी मागे टाकून उतार लागला की मी पॅडलवरून पाय उचलतो, गाडी स्वतःच स्वतःला धरून उतरते, मोटर उलटी वीज तयार करू लागते, आणि केरीला पोचेपर्यंत दोन-तीन टक्के वाढलेले असतात. घाट घेतलेल्यातला थोडा परतावा देतो. काचा खाली केल्या तर पावसाळ्यात झऱ्यांचा आवाज गाडीच्या आत येतो. तीस वर्षं त्या घाटातून गेलो, तो आवाज गाडीत बसून कधी ऐकला नव्हता.

बहिणीकडे पोचल्यावर मात्र एक नवाच पेच. पूर्वी पाहुण्याने यजमानाकडे पेट्रोल मागितलं असतं तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. आणि आता मी जेवायला बसतो आणि बाहेर माझी गाडी तिच्या मीटरवर जेवते. चार तासांत बारा-तेरा युनिट! पैसे देऊ केले तर अपमान, न द्यावेत तर संकोच. म्हणून मी जाताना नारळ, सोलं, मे महिन्यात बरका फणस नेतो. ती परत कुंदा देते. मग पुन्हा माझ्यावरच.

धुराचं काय, हेही सांगायला हवं. माझा एक मित्र २०२० साली मोलेचं जंगल वाचवण्याच्या आंदोलनात हिरिरीने होता. त्याने गाडी बघून एवढंच म्हटलं, "म्हणजे तुझा धूर आता छत्तीसगडला." खरं आहे ते. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. आपल्याकडे वीज येते ती बाहेरून, त्यात छत्तीसगडच्या कोरब्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांचा वाटा मोठा. आणि मोलेच्या वादातला एक भाग तिथल्याच तमनारहून गोव्याला वीज आणणाऱ्या प्रकल्पाच्या वाहिनीचाच होता. मुरगाव बंदरातला कोळसा नको म्हणणारे आपण, रात्री वायर लावून कोळशाचीच वीज गाडीत भरतो. मी त्याला सांगितलं, पेट्रोलच्या इंजिनात जळालेल्या इंधनाचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते, मोटरचं तसं नाही. तो म्हणाला, कोरब्याच्या माणसाला जाऊन सांग. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

छपरावर सौर तावदानं बसवावीत, तर दक्षिणेच्या बाजूला आजोबांनी लावलेला फणस आडवा येतो. त्याला हात लावायचा नाही, असं आईचं म्हणणं. माझंही तेच आहे म्हणा... म्हणून तो विषय दर पावसाळ्यानंतर निघतो आणि दर पावसाळ्याआधी मिटतो.

असो. गेल्या चतुर्थीला मूळ घरी आम्ही सगळे भाऊ जमलो. माटोळी बांधून झाली, दिव्यांच्या माळा लागल्या, आणि अंगणात तीन गाड्या एका पॉइंटकडे तोंड करून उभ्या. पहिल्या रात्री दोघांनी दोन ठिकाणी वायर लावली तर ऐन आरतीत काळोख. समया होत्या म्हणून आरती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्या काकांनी फर्मान काढलं: एका वेळी एकच गाडी, ज्याला आधी निघायचं त्याची आधी, आणि आरती चालू असताना कोणाचीच नाही. काकूने एक पाऊल पुढे जाऊन पडवीच्या खांबाला एक वही टांगली आणि सुतळीने पेन्सिल बांधली. कोणी किती युनिट भरले ते लिहायचं, हिशेब विसर्जनानंतर. माझ्या नावापुढे एकोणतीस लागले. मुंबईच्या चुलतभावापुढे एक्केचाळीस, आणि त्याच्यापुढे काकूच्या अक्षरात कंसात लिहिलेलं होतं, "दोन नारळ जमा".