बर्फ किती फुटावर?

आम्ही सांगलीकर. पावसाळा लागला की सांगलीचा माणूस एकमेकांना 'कसं काय, बरं आहे ना' असं विचारत नाही. 'पाणी किती फुटावर?' असं विचारतो. हे पाणी म्हणजे आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा लग्नाचा अल्बम आणि हिचे वीस वर्षांचे दिवाळी अंक कृष्णार्पण झाले. अल्बमचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्यात मी फार भेदरलेला दिसत होतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की 2024 च्या फेब्रुवारीत जावयांनी अमेरिकेत एका निर्मनुष्य रस्त्यावर गाडी थांबवून मला एक उंचच उंच फळी दाखवली, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल ते तुमच्या ध्यानात यावं.

आमची लेक राहते ती कीविनॉ कौंटीत. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा. पण वस्ती सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास. आमच्या गल्लीतल्या गणपतीला याहून जास्त माणसं येतात. मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला लेक सुपीरियर नावाच्या समुद्राएवढ्या सरोवरात ही जमीन वाकड्या बोटासारखी शिरली आहे. जावई तिथून रोज होटन गावच्या विद्यापीठात शिकवायला जातात. आणि ती फळी म्हणजे बर्फाचा थर्मामीटर.

"बाबा, 1978-79 च्या हिवाळ्यात इथे 390.4 इंच बर्फ पडला. तो विक्रम आहे."

मी मनातल्या मनात बाराने भागलं. साडेबत्तीस फूट. "म्हणजे इशारा पातळीला अजून साडेसात फूट कमीच," मी म्हणालो. जावई हसले नाहीत. जावई पुण्याचे. पाणी नळाला किती वाजता येतं, एवढाच त्यांचा पाण्याशी संबंध.

पण खरी गंमत, म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती, फळीच्या पायथ्याशी होती. तिथे पिवळं गवत दिसत होतं. ऐन फेब्रुवारीत! त्या वर्षी तिकडचा हिवाळा असा काही उबदार गेला, की मी सांगलीहून नेलेली माकडटोपी हिने तिसऱ्या दिवशीच बॅगेत टाकली. मला आनंद झाला. 'चला, पूर नाही आला,' असा.

हा आनंद मी शेजाऱ्यांजवळ बोलून दाखवला, आणि तिथे चुकलो.

शेजारी सत्तरीचे. वाडवडील फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेले. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणत असे. तिकडची माणसं वाक्याच्या शेवटी 'ए' लावतात. "थंडी आहे, ए?" आपल्याकडे 'आहे की' म्हणतात ना, तसंच. त्यामुळे मला तात्या पहिल्यापासून सांगली-मिरजेकडचेच वाटले.

"यंदा बर्फ नाही, बरं झालं," मी म्हणालो.

तात्या काही बोलले नाहीत. मला घेऊन शेडकडे गेले. आत एक अवाढव्य ट्रॅक्टर उभा होता, चाकांच्या जागी पट्टे लावलेला, आणि मागे लांबलचक लोखंडी फणी. त्याच्या काचेवर धूळ होती. मग त्यांनी समोरच्या मोटेलकडे बोट दाखवलं. फाटकाशी 'खोल्या शिल्लक' अशी पाटी, आवारात एकही गाडी नाही. पलीकडचं खानावळवजा हॉटेल आठवड्यातून तीनच दिवस उघडत होतं. मृग कोरडा गेल्यावर जत-आटपाडीकडच्या शेतकऱ्याचा चेहरा होतो, तसा चेहरा करून तात्या आभाळाकडे बघत उभे राहिले. मी माझी माकडटोपी आठवून गप्प बसलो.

इथलं पीक म्हणजे बर्फ. आणि ते पीक काढायला दूरदूरहून माणसं येतात ती स्नोमोबाइल घेऊन. हे वाहन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : पुढे घसरायला दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल, आणि आवाज मात्र चार मोटरसायकलींचा. शेजारच्याच विस्कॉन्सिन राज्यात सेनर गावी कार्ल एलियासन नावाच्या गृहस्थाने 1924 मध्ये पहिली तसली गाडी जुळवली. गृहस्थ पायाने अधू. स्कीवरून दोस्तांच्या बरोबरीने जाता येईना, म्हणून होडीचं इंजिन घसरगाडीवर बसवलं. पुढे 1959 पासून कॅनडात बॉम्बार्डिएची स्की-डू निघाली आणि गावोगाव पोचली. लोकल ट्रेनमागे धावणारे मुंबईकर कोटींनी आहेत, पण त्यातल्या एकाने तरी असं काही जुळवलं का?

दुसऱ्या वर्षी, 2025 च्या फेब्रुवारीत, आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मात्र दारातून बाहेर पडायला जावयांना फावडं घ्यावं लागलं. बर्फ कसा पडतो तेही तात्यांनीच समजावलं. उत्तरेचा बोचरा वारा सरोवरावरून येतो. सरोवराचं पाणी हवेपेक्षा गरम, त्याची वाफ तो उचलतो आणि जमिनीवर चढता चढता सगळं टाकून देतो. सह्याद्रीवर पाऊस पडतो तो थोडाफार असाच की! फक्त इथे सरोवर गोठलं की नळ बंद.

मला वाटलं होतं, बर्फ पडला म्हणजे झालं, मारा किक आणि सुटा. तसं नसतं. नुसत्या भुसभुशीत बर्फावर दहा-वीस गाड्या गेल्या की वाटेवर ओळीने खळगे पडतात, आपल्या एस.टी.च्या रस्त्यासारखे, आणि कंबर तक्रार करू लागते. म्हणून रात्री तात्यांचा ट्रॅक्टर निघतो. त्यामागची फणी उंचवटे कापते, बर्फ उलथापालथ करते आणि दाबून सपाट करते. मग त्याला थंडीत काही तास घट्ट व्हायला द्यायचं. तेवढ्यात कुणी वरून गाडी नेली, तर सगळी मेहनत वाया.

"अगं, हे तर सारवण!" मी हिला म्हणालो. आमची आई अंगण सारवून उंबऱ्यात बसून असे, ओल्यात पाऊल टाकलं की पाठीत धपाटा. आईला इथे नोकरी सहज मिळाली असती.

कडक बर्फही चालत नाही बरं का. नुसता घोटीव बर्फ असला तर पट्ट्याखालून उडणारा भुगा मिळत नाही, आणि इंजिन थंड राहतं ते त्या भुग्यावरच. म्हणजे भवताली सगळं गोठलेलं आणि गाडी तापून बंद! बर्फात वाफ काढत उभी असलेली गाडी मी स्वतः पाहिली. तिचा मालकही वाफ काढत होता.

आम्ही तीन गाड्यांवर निघालो. पुढे तात्या, मध्ये लेक, शेवटी जावई आणि त्यांच्या पाठीला घोरपडीसारखा चिकटलेला मी. "तुमचं वय काय, तुम्ही निघालात कुठे," एवढं बोलून ही घरी थांबली. 3 नंबरची वाट कॉपर हार्बरपर्यंत जाते. या भागातल्या कितीतरी वाटा खाणींच्या जुन्या रेल्वेच्या, रूळ उखडून झालेल्या. दोन्हीकडे पांढरी झालेली झाडं, अधूनमधून नारिंगी पाटी, आणि चक्क जंगलात 'थांबा'चा खांब. हेल्मेटात माझा चष्मा धुकटला होता, त्यामुळे निम्मं सृष्टिसौंदर्य मी अंदाजाने पाहिलं.

एवढ्यात समोरून एक टोळी आली. पहिल्याने आम्हाला चार बोटं दाखवली. पुढचा तीन, पुढचा दोन, मग एक. आणि शेवटचा माणूस सरळ मूठ उगारून गेला! सांगलीत कुणी अशी मूठ दाखवली तर दोन्ही वाहनं थांबतात आणि मग तासभर पुढे जात नाहीत. मीही रक्त सळसळून डावी मूठ उगारली.

पुढच्या थांब्यावर जावई म्हणाले, "बाबा, अगदी बरोबर केलंत!"

खुलासा झाला तो असा. अरुंद वळणावर समोरच्याला कळावं म्हणून, माझ्यामागे अजून किती येताहेत ते बोटांनी सांगायचं. मूठ म्हणजे मी शेवटचा, आता मागे कुणी नाही. मी आपला अनायासे सुसंस्कृत ठरलो.

त्याच थांब्यावर तात्यांचा पारा चढलेला पाहिला. वाट सोडून एक ताजा चाकोर कुणाच्या तरी लहान झाडांतून गेला होता. या वाटेचा कितीतरी भाग खासगी जमिनीतून जातो, मालकाच्या नुसत्या परवानगीवर. एकाने असा मध्येच घुसून रोपं मोडली, की मालक पुढच्या वर्षी 'नाही' म्हणतो. मग वाट तुटते, वाट तुटली की मोटेल रिकामं. तात्या खाली उतरले, मोडकी फांदी उचलून चाकोराच्या तोंडावर आडवी ठेवली आणि बर्फात पाय रोवून काही वेळ शिव्या दिल्या. भाषा फिनिश असावी. अर्थ मात्र स्वच्छ कळला. बांधावरून शेजाऱ्याने बैल घातल्यावर आमचे चुलते असंच बोलत.

जेवायला पास्टी मिळाली. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी इकडे आणलेली ही वस्तू म्हणजे आपल्या करंजीची पैलवान बहीण, आत बटाटा, कांदा आणि मांस. मी बिनमांसाची मागितली. मोटेलचं आवार आता गाड्यांनी भरलं होतं आणि वाढणारी बाई धावत होती.

संध्याकाळी सांगलीला धाकट्या भावाला फोन लावला.

"काय रे, बर्फ किती फुटावर?" त्याने विचारलं.

"चांगला आहे. अजून पडतोय."

"आता ओसरायला पाहिजे म्हणजे."

"गप्प बस," मी म्हणालो.

रात्री दोनच्या सुमारास खिडकीबाहेर घरघर सुरू झाली आणि भिंतीवरून पिवळा उजेड सरकला. ही दचकून उठली.

"काय हो ते?"

"काही नाही. तात्या सारवायला निघालेत," मी म्हणालो, आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.