नापासांची पुडकी

नापास होणे ही गोष्ट आपल्या कलाशाखेला नवी नाही. पण नापास का झाला हे सांगणारी गुणपत्रिका मात्र आपल्यापैकी कुणी पाहिलेली नसेल. तशा गुणपत्रिका लिहिण्याचे काम मी गेले वर्षभर करीत आहे. शहरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कचेरीत संध्याकाळचे चार तास बसतो. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तिथे काय काम, असे आमच्या सरांनीही विचारले. म्हटले, "सर, नापासांची पुडकी बांधतो."

थोडे उलगडून सांगायला हवे. दोन संगणकप्रणाली एकमेकींशी बोलतात त्या व्यवस्थेला एपीआय म्हणतात. पोस्टाच्या खिडकीसारखी ती असते. ठरावीक नमुन्यात चिठ्ठी आत सरकवायची, ठरावीक नमुन्यात उत्तर बाहेर येते. उत्तरावर एक आकडा असतो. २०० म्हणजे काम झाले, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही, ५०० म्हणजे आतच काही बिघडले. खिडकी नीट उत्तर देते की नाही हे पाहणाऱ्या चाचण्या आमच्याकडे रोज रात्री चालतात. त्यासाठीचे एक प्रसिद्ध साधन तर 'पोस्टमन' याच नावाचे आहे. अभिनव अस्थाना यांनी ते २०१२ मध्ये सुरू केले आणि २०१४ मध्ये बंगळुरूला त्याची कंपनी निघाली.

पूर्वी नापास चाचण्यांचा कागद प्रोग्रामर वाचीत. आता तो ए. आय. एजंटाकडे जातो. एजंट म्हणजे स्वतः फायली उघडून दुरुस्ती करणारा आणि पुन्हा चाचणी चालवून पाहणारा संगणकी कारागीर. हा गडी हुशार आहे, झोपत नाही. पण काल काय बोलणे झाले ते, कुठे लिहून ठेवले नसेल तर, त्याला आज आठवत नाही आणि शेजारच्या टेबलावर जाऊन विचारायची त्याला सोय नाही. जे पुडक्यात आणि जे फायलींत, तेवढेच त्याचे जग. शिवाय एका वेळी तो किती मजकूर वाचील याला मर्यादा आहे, आणि वाचलेल्या मजकुराचे पैसे पडतात ते वेगळेच. म्हणून चाचणीयंत्राने ओकलेली हजारो ओळींची चोपडी तशीच त्याच्यापुढे टाकून भागत नाही.

काय मागितले, काय मिळायला हवे होते, काय मिळाले, आणि तीच चाचणी पुन्हा कशी चालवायची, एवढे पुडक्यात घालावे लागते. परवलीचे शब्द मात्र खोडायचे; दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाबरोबर कुणी घराच्या किल्ल्या पाठवत नाही. एके रात्री एक्केचाळीस चाचण्या नापास झाल्या. पाहतो तो पहिलीलाच ४०१. ओळख पटली नाही म्हणून पुढच्या चाळीस तिच्यामागून कोसळलेल्या. पुडके एकच बांधले. मूळचे रडणे कोणाचे आणि साथीला रडणारे कोण, हे ओळखायला संगणकशास्त्र लागत नाही. चार घरच्या दुःखाला जाऊन आलेल्या माणसाला ते कळते.

खरी पंचाईत झाली ती नावांची. आमच्याकडे जुन्या शैक्षणिक दाखल्यांची पडताळणी करणारी एक प्रणाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, सप्टेंबरात जिल्ह्याचे झाले. यंदा आमच्या प्रणालीतली नावांची यादी ताजी केली आणि त्या रात्री दोन चाचण्या पडल्या. एकीत आजचा पत्ता विचारला होता : अपेक्षा 'औरंगाबाद', उत्तर 'छत्रपती संभाजीनगर'. दुसरीत १९८८ च्या पदवी-प्रमाणपत्रावरचे विद्यापीठाचे नाव विचारले होते : अपेक्षा 'मराठवाडा विद्यापीठ', उत्तर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. दुखणे वरवर एकच, जुने नाव मागितले आणि नवे मिळाले. पण पहिलीत उत्तर बरोबर आणि चाचणी शिळी; दुसरीत चाचणी बरोबर आणि उत्तर चूक. विद्यापीठ १९५८ चे, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. १९७८ च्या ठरावापासून त्या दिवसापर्यंत माणसांनी काय सोसले हे मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. तरीही १९८८ चा कागद १९८८ चाच राहतो.

मी तेव्हा परीक्षेसाठी रजेवर होतो. यंत्रानेच 'अपेक्षा' आणि 'उत्तर' अशा दोन-दोन ओळी एजंटाकडे धाडल्या. त्याने दोन्ही चाचण्यांतली अपेक्षाच बदलून टाकली. सगळ्या खुणा हिरव्या! खाली नम्रपणे लिहिलेही, की नावे अद्ययावत केली आहेत. त्याला दोष कसा द्यावा? दोघांत खरे कोण, हे त्या ओळींत कुठेच नव्हते.

मी परत आल्यावर बदल वाचले आणि मला मावशी आठवली. ती १९८८ ची पदवीधर. शाळेत शिकवण्यात जन्म गेला. निवृत्तीच्या वेळी एका कचेरीतल्या संगणकाने तिचे प्रमाणपत्र नाकारले, विद्यापीठाचे नाव जुळत नाही म्हणून. तीन हेलपाटे, एक प्रतिज्ञापत्र, आणि खिडकीपलीकडून "आमच्याकडे तर हेच दिसतंय." हेलपाट्यांचे तिला फारसे वाटले नाही. "म्हणजे मी शिकलेच नाही की काय रे?" एवढेच ती मला पुन्हा पुन्हा विचारीत होती. तिच्या प्रमाणपत्राला नाही म्हणणाऱ्या यंत्रावरही कुणीतरी अशीच हिरवी खूण पाहून घरी गेले असेल.

आता माझ्या पुडक्यात दोन ओळी जादा असतात. 'चाचणीला हात लावू नये. चाचणीच चुकली असे वाटल्यास तसे लिहून थांबावे.' आणि 'प्रमाणपत्रातले नाव प्रमाणपत्राच्या तारखेचे, पत्त्यातले नाव आजचे.' साहेब म्हणतात, पुडके फार लांबते, पैसे वाढतात. वाढू देत. परवा मी तिसरीही ओळ घातली : 'बिहारमधले औरंगाबाद आहे तसेच राहू द्यावे.'