पहिला हात

झांकून जाण्यासाठींच ज्यांचा जन्म असतो अशा वस्तूंविषयीं मला फार दिवसांपासून जिव्हाळा वाटत आला आहे. इमारतीचा पाया, कोटाचें अस्तर, पुस्तकाच्या पुठ्ठ्याआडची शिवण आणि रंगाखालचा पहिला हात, हीं सारीं या वर्गांतलीं. यांतल्या शेवटच्या वस्तूशीं माझा संबंध गेलीं दहाबारा वर्षें नित्याचा आहे. कारण, वर्गांत शेक्सपिअर शिकवून आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून जो वेळ उरतो, तो मी बोटभर उंचीच्या शिपायांना रंग देण्यांत घालवितों. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला हा नाद शोभतो कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरांत अधूनमधून निघतो. एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें १९१३ सालीं शिपायांच्या खेळावर एक सबंध पुस्तक लिहिलें तेव्हां तोहि पंचेचाळिशी ओलांडून गेला होता, असें मी उत्तर देतों. त्यावर "त्याच्या बायकोला कोणी विचारलें होतें का?" असें म्हणून सौभाग्यवती स्वयंपाकघरांत निघून जातात.

शिपाई शिशाचा असो, कथलाच्या मिश्रधातूचा असो कीं प्लॅस्टिकचा असो, त्याचें अंग गुळगुळीत असतें. तें कांहींहि शोषून घेत नाहीं. पाण्यांत कालवलेला रंग त्यावर थेट लावावा, तर अळवाच्या पानावरल्या पाण्याप्रमाणें तो थेंबाथेंबानें गोळा होतो. आणि नेट धरून वाळविलाच, तर पुढें नखानें सुटून येतो. अस्तराचें काम दुहेरी आहे. खालच्या गुळगुळीत अंगाला त्यानें घट्ट चिकटावयाचें आणि वरच्या बाजूनें आपण किंचित् खरखरीत राहून येणाऱ्या रंगाला धरून ठेवावयाचें. माहेर आणि सासर दोन्ही सांभाळणारी अशी वस्तु विरळा! इंग्रज लोक रंगाच्या थराला कोट म्हणतात, म्हणजे अंगावर चढविण्याचें वस्त्र. आपला भिंती रंगविणारा रंगारी मात्र त्याला हात म्हणतो. "साहेब, आधीं प्रायमरचा एक हात मारतों, मग रंगाचे दोन हात देतों." इंग्रजी शब्दांत रंग दिसतो; मराठी शब्दांत रंग देणारा माणूस दिसतो.

हें शहाणपण आजकालचें नव्हे. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकारानें आपल्या कलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत लांकडी फळीला द्यावयाच्या अस्तराचा विधि सविस्तर सांगितला आहे. बारीक अस्तराचें जिप्सम महिनाभर पाण्यांत ठेवून रोज ढवळावें आणि सरसांत कालवून त्याचे निदान आठ हात द्यावेत, असें तो बजावतो. आपल्याकडे ओडिशांतील पटचित्रकार चिंचोक्यांच्या खळींत खडू मिसळून त्यानें कापड तयार करतात. आंध्रांतील कोंडापल्लीचीं लांकडी खेळणीं रंगण्यापूर्वीं चुन्याच्या हाताखालून जातात. आणि पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ति पीतांबर नेसण्यापूर्वीं पांढरी शुभ्र होऊन उभी असते. डोळ्यांची आखणी सर्वांच्या शेवटीं. त्या आखणीचें कौतुक सगळे करतात. खालच्या पांढऱ्या हाताची आठवण कोणी काढीत नाहीं.

आतां हें अस्तर द्यावें कसें? पाश्चात्य देशांतले पुष्कळसे शौकीन दाबाखालीं भरलेल्या डब्यांतून तें फवारतात. काम क्षणांत होतें आणि थर एकसारखा बसतो, हें खरें. परंतु हा फवारा हवेचा मोठा मिंधा आहे. हवा दमट असली कीं तो वाटेंतच बिघडतो आणि वाळल्यावर शिपायाच्या अंगावर बारीक रवा उठतो. डब्यांतून काढलेला पापड जेथें तळण्यापूर्वींच मऊ पडतो, तो मुंबईचा पावसाळा ज्यानें काढला आहे त्याला अधिक सांगावयास नको. शिवाय त्याचा दर्प उग्र. तो मोकळ्या हवेंत वापरावा लागतो, आणि आमच्या बिऱ्हाडांत मोकळी हवा म्हणजे कपडे वाळत घातलेली गॅलरी. म्हणून मीं कुंचल्याचा पक्ष घेतला आहे.

कुंचल्यानें लावण्याजोगीं अस्तरें मुख्यतः दोन जातींचीं मिळतात. एक, चित्रकार कॅनव्हासवर वापरतात तो ॲक्रिलिक गेसो. दुसरें, मुद्दाम लहान मूर्तींसाठीं केलेलें पॉलियुरेथेनयुक्त पातळ अस्तर. गेसो स्वस्त असतो, वाळतांना आकसून अंगालगत बसतो आणि रंगाला चांगला धरतो. पण बेताचा पातळ न केल्यास शिपायाच्या मिशा आणि गुंड्या बुजवून टाकतो. दुसरें महाग पडतें, पण बारकावे जपतें. मात्र तें पुरतें आंवळण्यापूर्वीं कोणी घासलें तर सापाच्या कातीप्रमाणें सोलून येतें. म्हणून त्याला एक दिवस तरी विसांवा द्यावा. रंगाचाहि विचार आहे. पांढऱ्या अस्तरावर पिवळा आणि तांबडा उजळ दिसतात. काळ्यावर वस्त्रांच्या घड्यांतल्या सावल्या आयत्या मिळतात. करडा दोहोंच्या मधला, आणि कोरीव काम डोळ्यांना सर्वांत स्पष्ट दाखविणारा. माझ्या वयाचे डोळे करड्याच्या बाजूनें मत देतात.

कृति सोपी आहे, पण उतावळ्याची नव्हे. शिपायाला प्रथम कोमट पाणी, साबण आणि दांत घासण्याचा जुना ब्रश यांनीं आंघोळ घालावी; सांच्यांतून सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट अंश पुष्कळदां त्याच्या अंगावर राहिलेला असतो. वाळल्यावर त्याला एखाद्या बुचावर चिकटवावा, म्हणजे बोटें अंगाला लागत नाहींत. बाटली तळाचा साका वर येईपर्यंत हलवावी, पण मग फेस बसूं द्यावा. बुडबुडा वाळला कीं त्याचा खड्डा होतो. कुंचला मऊ, रुंद आणि उतारवयाचा घ्यावा. थोडेंच अस्तर घेऊन तें वरून खालीं पसरावें, काखेंत आणि पट्ट्याखालीं सांचलेलें टिपून घ्यावें, आणि एकदां थर ओढूं लागला कीं त्यावर पुन्हां कुंचला फिरवूं नये. पहिल्या हातानें अंग पुरतें झांकलें नाहीं तरी घाबरूं नये. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात केव्हांहि बरे.

या सर्व शास्त्राची खरी परीक्षा बाबांच्या पश्चात् झाली. गांवचें घर आवरतांना दादांना पत्र्याची एक पेटी सांपडली. तींत शिशाचे चौदा शिपाई होते; आंतून पोकळ आणि दोन इंचांहून थोडे उंच. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनीं १८९३ सालीं अशा पोकळ ओतकामाचे शिपाई बाजारांत आणले, आणि त्यांच्या कारखान्यांतून शिशाचे शिपाई १९६६ पर्यंत निघत होते. पेटींतले त्याच जातीचे, लाल डगल्याचे गोरे शिपाई होते. १९४७ सालीं बाबा बारा वर्षांचे होते. त्या वर्षीं दारांना दिलेल्या हिरव्या तैलरंगांतला उरलासुरला रंग घेऊन त्यांनीं चौदाहि जणांचे लाल डगले झांकले होते आणि डोक्यांवर पिवळे फेटे काढले होते. ही हकीकत आम्हीं त्यांच्या तोंडून अनेकदां ऐकली होती. शिपाई मात्र प्रथमच पाहत होतों. बारा वर्षांच्या मुलाला अस्तर कोण सांगणार? पाऊणशे वर्षांत त्या हिरव्या रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्यांतून खालचा लाल डगला डोकावत होता.

"अरे, तुला एवढें येतें, तर हे नव्यासारखे करून दे," दादा म्हणाले. "आमच्या नातवाला दिवाळींत किल्ल्यावर ठेवायला होतील."

"दादा, हें शिसें आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं द्यायची वस्तु नव्हे. वरून कितीहि रंग दिला तरी नव्हे."

"बरें, मग कपाटांत ठेवूं. पण असे सालपटें निघालेले नकोत. मला बघवत नाहींत."

दादांचें हें शेवटचें वाक्य मला बरेच दिवस पुरलें. बाबांची अखेरचीं आठ वर्षें अंथरुणावर गेलीं. मी सुटींत जाऊन येणारा. त्यांना रोज उठवून बसविणारे दादा. एक माणूस थराथरानें झडत जातांना त्यांनीं पाहिलें होतें, आणि झडणारें आणखी कांहीं त्यांना घरांत नको होतें. त्यांची मागणी मोडण्याचा अधिकार मला कितपत होता?

परंतु अस्तराचा पहिलाच नियम असा आहे कीं, तें ज्यावर बसतें त्याच्याहून अधिक बळकट तें होऊं शकत नाहीं. पोपड्यांवर दिलेलें अस्तर पोपड्यांबरोबरच गळून पडणार. चांगलें काम करावयाचें तर आधीं शिसें उघडें पडेपर्यंत सर्व रंग काढून टाकावा लागला असता. म्हणजे लाल डगला गेला असता, आणि त्याबरोबर बारा वर्षांच्या बाबांचा हातहि. मग मीं कितीहि सुबक हिरवा रंग दिला, तरी तो माझा झाला असता. हें मीं दादांना समजावून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, पण होय म्हटलें नाहीं, आणि पुढें महिनाभर त्यांचा फोन आला नाहीं.

दिवाळीपूर्वीं मी गांवीं गेलों तो प्लॅस्टिकचे चौदा नवे शिपाई आणि अस्तराची बाटली घेऊन. जुने शिपाई कांचेच्या पेटींत ठेवले. लांकडाची आंबट वाफ शिशाला खाते, म्हणून लांकडी कपाट टाळलें. नव्यांना आंघोळ घालून मी ओसरीवर बसलों, तेव्हां दादा बराच वेळ झोपाळ्यावरून पाहत होते. मग उठून जवळ आले आणि म्हणाले, "आण तो कुंचला इकडे." मीं एकदांच दाखविलें. त्यांनीं ओळीनें चौदाहि शिपायांना करडा हात दिला, इतका पातळ आणि इतका शांतपणें, कीं मला कोठें टिपून घ्यावयाचें कारण पडलें नाहीं. आठ वर्षें एका जीर्ण शरीराला जपून हाताळलेले हात होते ते! दुसऱ्या दिवशीं त्यावर नातवानें हिरवे डगले आणि पिवळे फेटे चढविले, आणि शिपाई किल्ल्यावर पहाऱ्याला उभे राहिले. येणारेजाणारे मुलाचें कौतुक करीत होते. खालचा हात कोणाला दिसत नव्हता, आणि दादांची त्याबद्दल कांहीं तक्रार नव्हती.