सातपैकी चार

२१ मे २०१७, हैदराबाद. आयपीएलचा अंतिम सामना आणि दोन्ही संघ महाराष्ट्रातले: मुंबई इंडियन्स आणि रायझिंग पुणे सुपरजायंट. त्या हंगामात दोघांची तीनदा गाठ पडली होती आणि तिन्ही वेळा पुणं जिंकलं होतं. एकदा गहुंज्याला आणि दोनदा खुद्द वानखेडेवर. त्यातला दुसरा तर प्लेऑफचा पहिला क्वालिफायर. गुणतक्त्यात मात्र मुंबई पहिली, १४ पैकी १० सामने जिंकून. पुणं ९ जिंकून दुसरं.

मी संख्याशास्त्र शिकवतो. असा सामना तोंडावर आला की रत्नागिरीत रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकच विचारतात, "सर, कोण?" त्यांना एक नाव हवं असतं. माझ्या शास्त्राकडे नाव नसतं, आकडा असतो. तो कसा निघतो हे नीट सांगितलं तर लोक आवडीने ऐकतात.

सुरुवात गुणतक्त्यापासून करू. मुंबईचे विजय-पराजय १० ला ४, म्हणजे एका हारीमागे अडीच विजय. पुण्याचे ९ ला ५, म्हणजे एकामागे १.८. दोघांना समोरासमोर उभं केलं की प्रमाण पडतं २.५ ला १.८, आणि मुंबईची शक्यता निघते ५८ टक्के. बेसबॉलच्या आकड्यांचा नाद लाखो वाचकांना लावणाऱ्या बिल जेम्स यांनी रूढ केलेली ही रीत. पण १४ सामने म्हणजे फार थोडे. ज्या संघाची खरी ताकद अगदी निम्मी-निम्मी आहे, तोसुद्धा केवळ योगायोगाने १४ पैकी ९ किंवा जास्त सामने पाच हंगामांतून एकदा जिंकून दाखवतो. म्हणून तो ५८ मधल्या बाजूला ओढावा लागतो. मी ५५ धरला असता.

आता पुण्याचे ते तीन विजय. मुंबईची खरी शक्यता ५५ असेल, तर पुण्याने ओळीने तीन सामने जिंकण्याची शक्यता अकरात एक. दोघं तोडीस तोड असतील तर आठात एक. अकरात एक आणि आठात एक यांत असं किती अंतर आहे? त्या तीन सामन्यांमुळे ५५ चे फार तर ५२ होतात. "पुण्यासमोर मुंबईचं काही चालत नाही" हे वाक्य त्या आठवड्यात मी सगळीकडे ऐकत होतो. त्याच्या पाठीशी एवढाच पुरावा होता.

सामना सगळ्यांच्या लक्षात आहे. मुंबईच्या १२९. शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्यात, चेंडू मिचेल जॉन्सनच्या हातात. पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार, मग तिवारी बाद, पाठोपाठ ५१ वर खेळणारा स्टीव्ह स्मिथ बाद. अखेरच्या चेंडूवर चार हव्यात. दोन पळून झाल्या, तिसरी घेताना गडी धावबाद. पुणं १२८. हीच सातपैकी चारची मालिका असती तर पुणं ३-१ ने पुढे असतं. चषक मुंबईला मिळाला, आणि नियमाप्रमाणे तो तिचाच. पण त्या एका धावेवरून कोणता संघ अधिक चांगला हे ठरवायला मी तयार नाही. १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात आपल्या राजापुरात जन्मलेले दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि मुंबई हरियाणाकडून दोन धावांनी हरली. तिथेही माझं म्हणणं हेच.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी यावर उपाय म्हणून मालिका ठेवली. हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि शेवटी वर्ल्ड सिरीज: जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता. १९४६ मध्ये बॉस्टनचा रेड सॉक्स संघ सेंट लुईसकडून सातव्या सामन्यात हरला आणि हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांना प्रश्न पडला: या मालिकेत खरोखर सरस असलेला संघ कितीदा जिंकत असेल? १९५२ मध्ये त्यांनी लेख छापला. तोवरच्या सगळ्या मालिका तपासून त्यांनी काढलेलं उत्तर होतं: सुमारे ८० टक्के वेळा. म्हणजे पाचातून एकदा चषक कमी ताकदीच्या संघाकडे जातो. माझ्या माहितीत खेळावरचं इतकं देखणं संख्याशास्त्र त्याआधी कुणी लिहिलेलं नाही.

आणि हे ८० टक्केही दोन संघांत भरपूर फरक असेल तेव्हाचे. एका सामन्यात सरस संघाची शक्यता ६५ असेल तरच मालिकेत ती ८० होते. एका सामन्यात ५५ असेल तर सात सामन्यांच्या मालिकेत ती जेमतेम ६१ वर पोचते. पाचच्या मालिकेत ५९, तीनच्या मालिकेत ५७. चार सामने वाढवून चार टक्के! ५५ वाला संघ ९५ टक्के खात्रीने जिंकायला हवा असेल तर अडीचशेहून अधिक सामन्यांची मालिका घ्यावी लागेल. १९०६ मध्ये शिकागो कब्जने १५२ पैकी ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज शेजारच्याच व्हाइट सॉक्सला दिली. २००१ मध्ये सिएटल मरिनर्सनीही ११६ जिंकले आणि ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा अघटित घडल्यासारखं लिहिलं. गणित तसं म्हणत नाही.

बेसबॉलमध्ये आणखी एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यात रोचक वाटते. तिथे संघाची ताकद रोज बदलते, कारण ती चेंडू टाकणाऱ्या पिचरवर अवलंबून. चांगला पिचर एकदा दमला की त्याला चार-पाच दिवस विश्रांती देतात, त्यामुळे उद्याचा अंदाज करायचा तर उद्या कोण टाकणार हे आधी बघावं लागतं. २०२५ च्या मालिकेत टोरंटोचा संघ लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध ३-२ ने पुढे होता. सहाव्या सामन्यात डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने सुरुवातीपासून गोलंदाजी केली आणि सामना जिंकला. दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात, जेव्हा कुठल्याही हिशेबात तो उपलब्ध धरलेला नसतो, तेव्हा तो पुन्हा उतरला आणि अकराव्या डावापर्यंत टाकत राहिला. डॉजर्स ५-४ ने जिंकले. सात सामन्यांत मिळून टोरंटोच्या धावा ३४, डॉजर्सच्या २६. जास्त धावा करणारा हरला, आणि जी गोष्ट कुणाच्या समीकरणात नव्हती तिने मालिका फिरवली.

अर्धवट राहिलेल्या मालिकेचा प्रश्न याहून जुना, आणि तो आमच्याकडे आरे-वाऱ्याच्या पुळणीवर जिवंत बघायला मिळतो. ओहोटी लागली की ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि सुट्टीच्या दिवशी पोरं टेनिस बॉल घेऊन उतरतात. पाण्याच्या बाजूची हद्द कुणी आखत नाही, ती समुद्र ठरवतो. एकदा दोन वाड्यांनी वर्गणी काढून चार हजारांचं बक्षीस ठेवलं, पाचपैकी तीन जिंकेल त्याला. २-१ झालं आणि भरतीचं पाणी यष्ट्यांपर्यंत आलं. पुढे असलेले म्हणाले, सगळे आमचे. मागे असलेले म्हणाले, मालिका पुरी झाली नाही, निम्मे द्या. कुणीतरी म्हणालं, दोनास एक या हिशेबाने वाटा.

१६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला तो नेमका यावर: डाव मध्येच मोडला तर पैसे कसे वाटायचे? संभाव्यतेच्या गणिताचा पाया तिथे घातला गेला. त्यांनी मागचं मोजलं नाही, पुढचं मोजलं. पुढच्या वाडीला एकच विजय हवा, मागच्या वाडीला ओळीने दोन. संघ बरोबरीचे धरले तर मागच्यांची शक्यता चारात एक. तेव्हा तीन हजार आणि एक हजार. पोरांना ते तिथेच वाळूवर काढून दाखवलं आणि पटलं. आयपीएलच्या प्लेऑफलाही हीच मोजणी लागते: चारही संघ सारखे धरले तरी पहिल्या दोघांना प्रत्येकी साडेसदतीस टक्के आणि खालच्या दोघांना साडेबाराच, कारण वरच्यांना एक हार माफ आहे.

हे सगळं इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. गेली काही वर्षं आमच्या गावांतली पोरं मोबाइलवर संघ लावून पैसे घालत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते बरंच झालं. पण "शंभर टक्के हेच जिंकणार" असं छातीठोक सांगणारे अजून आहेत, आणि ऐकणारेही आहेत. अशा माणसाची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला ती सुचवली. वर्गात मी तीच वापरतो.

सामन्याआधी प्रत्येकाने टक्के वहीत लिहायचे. निकाल लागला की अंदाज सत्यापासून किती दूर राहिला ते काढून त्याचा वर्ग करायचा. ज्याची बेरीज कमी, तो अंदाज करण्यात सरस. ज्याला काहीच कळत नाही आणि जो दर वेळी ५० लिहितो, त्याला प्रत्येक सामन्याला ०.२५ पडतात. २०१७ च्या त्या अंतिम सामन्याला मुंबई ५२ लिहिणाऱ्याला ०.२३ पडले असते. पुणं ९० लिहिणाऱ्याला ०.८१, आणि पुणं १०० म्हणणाऱ्याला पूर्ण एक. एका सामन्यावरून कुणाला शहाणं किंवा वेडं ठरवायचं नाही, हंगामभर वही चालू ठेवायची. हंगामाच्या अखेरीस बेरीज केली की छातीठोक बोलणाऱ्यांपैकी बरेच जण दर वेळी ५० लिहिणाऱ्याच्याही मागे सापडतात.